गेलेली ओळख आणि देता येणारी ओळख: निर्वासित शेजाऱ्याला सामान्य माणूस काय मदत करू शकतो

मराठीत ‘ओळख’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. ‘ओळखपत्र दाखवा’ असे कोणी म्हटले की आपण कोण, कुठले, कधी जन्मलो हे सांगणारा कागद पुढे करतो. आणि ‘तिथे तुमची कोणाशी ओळख आहे का?’ असे विचारले की आपण नात्यातला, गावाकडचा किंवा ऑफिसातला माणूस आठवू लागतो. आपली बहुतेक कामे या दोन ओळखींच्या आधाराने होतात. युद्धामुळे किंवा छळामुळे देश सोडून आलेल्या माणसाच्या या दोन्ही ओळखी एकाच दिवशी जातात.

निर्वासितांच्या बातम्या आपल्यापर्यंत येतात त्या तंबूंच्या आणि होड्यांच्या छायाचित्रांसह. २०२४ च्या अखेरीस जगभरात १२ कोटींहून अधिक लोक युद्ध, छळ आणि हिंसाचार यांमुळे घराबाहेर होते, आणि त्यांपैकी सुमारे सव्वाचार कोटी लोकांनी आपल्या देशाची सीमा ओलांडलेली होती. इतका मोठा आकडा वाचला की यात आपण काय करणार, असे वाटून माणूस पान उलटतो. परंतु अनेक निर्वासित छावणीत राहत नाहीत, शहरांतल्या भाड्याच्या खोल्यांत राहतात. पुण्यात कोंढव्यासारख्या भागात अफगाण कुटुंबे आपल्याच भाजीवाल्याकडून भाजी घेतात. अशा एका कुटुंबाशी गेली काही वर्षे माझा घरोबा आहे, आणि या लेखातले बरेचसे त्यांच्या सोबतीने शिकलेले आहे.

निर्वासित कोणाला म्हणायचे?

कोकणातला चाकरमानी मुंबईला येतो, हाल काढतो, पण गणपतीला गावी जातो. त्याला आपण स्थलांतरित म्हणतो. कोयना धरणात ज्यांचे गाव बुडाले त्यांना गावी जाता येत नाही, पण देश त्यांचा आहे, ते सरकारकडे हक्काने जमीन मागू शकतात आणि मिळाली नाही तर न्यायालयात जाऊ शकतात. त्यांना विस्थापित किंवा प्रकल्पग्रस्त म्हणतात. निर्वासिताची अडचण याहून वेगळी आहे. तो परत गेला तर त्याच्या जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे, आणि ज्या सरकारने त्याचे रक्षण करायचे तेच सरकार धोका देणारे आहे किंवा हतबल आहे. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात हीच व्याख्या कायद्याच्या भाषेत दिली आहे: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची सार्थ भीती असलेली, देशाबाहेर असलेली व्यक्ती.

यातला एक प्रकार पुण्याला विशेष ठाऊक आहे. शेकडो अफगाण विद्यार्थी येथे शिकायला रीतसर व्हिसा घेऊन आले होते. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलची सत्ता बदलली, आणि ज्या देशातून ते निघाले होते तो देश परतण्याजोगा उरला नाही. सकाळी वसतिगृहात विद्यार्थी म्हणून उठलेला माणूस रात्री झोपताना जवळजवळ निर्वासित झाला होता, आणि त्यासाठी त्याला जागेवरून हलावेही लागले नव्हते.

भारतात त्यांचे कायदेशीर स्थान काय?

भारताने १९५१ च्या करारावर किंवा त्याच्या १९६७ च्या पुरवणीवर सही केलेली नाही, आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही केलेला नाही. कायद्याच्या लेखी ते ‘विदेशी नागरिक’ आहेत. आधी १९४६ चा कायदा होता, १ सप्टेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या कायद्याने घेतली आहे. व्यवहारात मात्र दोन व्यवस्था चालतात. तिबेटी आणि श्रीलंकेतले तमिळ निर्वासित यांची नोंद व देखभाल सरकार स्वतः करते. अफगाणिस्तान, म्यानमार, सोमालिया अशा देशांतून आलेल्यांची नोंद संयुक्त राष्ट्रांचे निर्वासितांसाठीचे उच्चायुक्तालय दिल्लीत करते, मुलाखती घेते, आणि दावा पटला तर एक कार्ड देते.

हे कार्ड नेमके काय आहे, याविषयी फार गोंधळ होतो. एखाद्या शेतकऱ्याची जमीन कुठली, बांध कुठला, हे सगळ्या गावाला माहीत असते, पण सातबाऱ्यावर नाव चढलेले नसेल तर बँक त्याला दारात उभे करत नाही. निर्वासिताचे कार्ड हे गावाच्या साक्षीसारखे आहे. हा माणूस कोण आणि का आला हे ते सांगते. भारत सरकारच्या लेखी तो राहण्याचा परवाना नव्हे. परवाना म्हणजे व्हिसा, आणि तो सरकारच देते. काही निर्वासितांना दीर्घकालीन व्हिसा मिळतो व त्यावर खासगी नोकरी करता येते. ज्यांना तो मिळत नाही ते वर्षानुवर्षे अधांतरी राहतात.

तरीही विदेशी माणूस कायद्याच्या बाहेर पडत नाही. राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदात ‘नागरिक’ असा शब्द नाही, ‘व्यक्ती’ असा आहे, आणि १९९६ मध्ये पूर्व पाकिस्तानातून अरुणाचल प्रदेशात आलेल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या जीविताचे रक्षण करण्याचा आदेश राज्य सरकारला दिला होता. शिक्षणहक्क कायदाही ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकाविषयी बोलतो.

आता मूळ मुद्द्याकडे येते. कागदावरची ओळख देणे सरकारच्या हातात आहे, ती तुम्ही-आम्ही देऊ शकत नाही आणि देऊही नये. परंतु दुसरी ओळख, माणसांची, ती देणे सरकारला जमत नाही. ती शेजारीच देऊ शकतो. सामान्य माणसाच्या मदतीचा विचार मी तिथूनच करते.

महाराष्ट्राने हे आधी केले आहे

कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, बहुतांश स्त्रिया आणि मुले. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीने त्यांना सैबेरियासारख्या दूरच्या प्रदेशांत हाकलले होते, आणि तिथून सुटून ते इराणमार्गे येथवर पोचले होते. ते गेल्यावर त्याच छावणीत फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे राहू लागली, आणि आज कापडाच्या खरेदीसाठी आपण ज्या गांधीनगरला जातो ते याच जागेवर उभे राहिलेले आहे. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सॉमध्ये, कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान तिथे गेले तेव्हा अनेक मराठी माणसांना ही हकीकत पहिल्यांदा कळली.

कल्याणजवळच्या लष्करी बराकींत फाळणीनंतर नव्वद हजारांहून अधिक सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. तिथले लोक आजही पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर चार’ असेच म्हणतात. पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबे तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वसवली गेली, आणि गडचिरोलीतल्या मुलचेरा, चामोर्शी भागात आजही बंगाली बोलणारी गावे आहेत. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली तेव्हा टपालावर ५ पैशांचे जादा तिकीट लावावे लागे, त्यावर निर्वासित साहाय्य असे छापलेले असे. साधे पत्र टाकणारा प्रत्येक माणूस नकळत त्या खर्चाला हातभार लावत होता.

यांपैकी मला सर्वांत बोलकी वाटते ती गोठणगावची गोष्ट. गोंदिया जिल्ह्यात नवेगावबांधजवळ १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिबेटी वसाहत आहे. हिवाळ्यात आपल्या शहरांत रस्त्याकडेला जे तिबेटी स्वेटरविक्रेते दिसतात, त्यांच्या अशा वसाहतींतल्या अनेक कुटुंबांची वर्षाची कमाई त्या तीन-चार महिन्यांत होते. आपल्याला वाटते की हे स्वेटर ते घरी विणतात. प्रत्यक्षात बराचसा माल लुधियानाच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून येतो, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या उधारीवर दिला जातो. हंगाम संपला की पैसे फेडायचे, पुढच्या वर्षी पुन्हा माल उचलायचा. ज्यांच्याकडे तारण ठेवायला काहीच नव्हते अशा माणसांना एका बाजारपेठेने पत दिली. या व्यवहारात दयेचा लवलेश नव्हता, आणि म्हणूनच तो टिकला असे माझे मत आहे. निर्वासिताकडून वस्तू विकत घेणे, त्याच्याकडे कपडे शिवायला टाकणे, त्याच्या भट्टीवरची रोटी घेणे ही मदतीची सर्वांत कमी गाजावाजा होणारी आणि सर्वांत सन्मानाची रीत आहे.

प्रत्यक्षात काय करायचे: एका अर्जाची गोष्ट

मी ओळखते त्या कुटुंबातली मुलगी मला ‘खाला’ म्हणते, म्हणजे मावशी. २०२४ मध्ये तिच्या शाळाप्रवेशासाठी मी तिच्या आईबरोबर गेले. खिडकीपलीकडच्या बाईंनी जन्मदाखला मागितला. आईने ताझकिरा पुढे केला. ते अफगाणांचे राष्ट्रीय ओळखपत्र. त्यात जन्मतारीख नव्हतीच. ‘१३९८ साली वय ४ वर्षे’ एवढाच मजकूर होता, कारण जुन्या ताझकिऱ्यात अनेकदा असेच लिहिलेले असते. बाईंनी कागद परत सरकवला आणि म्हणाल्या, “तारखेशिवाय संगणकात नाव चढत नाही, आणि हे साल तर अजून यायचंय की जाऊन आलंय तेच कळत नाही.”

त्यांची चूक नव्हती. अफगाण सौर वर्ष वेगळे चालते. आपण शकात ७८ मिळवून इसवी सन काढतो, तसे त्यात ६२१ मिळवावे लागतात. १३९८ म्हणजे २०१९, म्हणजे मुलीचा जन्म २०१५ च्या आसपासचा, म्हणजे ती नऊ वर्षांची. हे मी एका कागदावर मांडून दाखवले. मग शिक्षणहक्क कायद्यातले १४ वे कलम दाखवले, ज्यात वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही असे स्पष्ट म्हटले आहे. जन्मदाखला नसेल तर पालकांचे वयाबाबतचे घोषणापत्र चालते. शाळा सोडल्याचा दाखला नाही हेही अडवण्याचे कारण होऊ शकत नाही, आणि वयानुरूप वर्गात बसवण्याची तरतूद याच कायद्यात आहे. मुख्याध्यापकांशी बोलणे झाले, घोषणापत्रावर १ जानेवारी ही तारीख पडली, आणि आठवड्याने मुलगी वर्गात बसली.

यात मी पैसे दिले नाहीत, वशिलाही लावला नाही. तिच्या आईला हे सगळे माझ्यापेक्षा चांगले समजावता आले असते, पण तिचे कोणी ऐकून घेतले नसते. स्थानिक माणूस शेजारी उभा असला की खिडकीपलीकडचा माणूस दोन मिनिटे जास्त देतो. ती दोन मिनिटे मिळवून देणे हीच मदत.

अशी सोबत आणखी कुठे लागते, हे थोडक्यात सांगते. सरकारी रुग्णालयात केसपेपर काढण्यापासून औषधाच्या खिडकीपर्यंतचा मार्ग एकदा दाखवला की पुढच्या वेळी ती माणसे आपली आपण जातात. घर शोधताना दलाल आणि सोसायटी यांच्याशी बोलायला आपल्यातला माणूस असला तर ‘परदेशी नको’ हे उत्तर निदान विचार करून दिले जाते. घरगुती हिंसाचार, पगार बुडवणे, फसवणूक असे काही झाले तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा रस्ता दाखवावा. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया आणि मुले यांना तिथे मोफत कायदेशीर साहाय्य मिळते, उत्पन्नाची अट न लावता.

चांगल्या मनाने होणाऱ्या चुका

पहिली चूक फोटोची. फराळ दिला, मुलांना दप्तरे दिली, की आपण फोटो काढून समूहांवर टाकतो. त्या माणसाचे आईवडील किंवा भाऊ मागे राहिलेले असू शकतात, आणि तो कुठे आहे, कोणाबरोबर आहे हे तिकडे कळणे त्यांच्या जिवावर बेतू शकते. विचारले तर उपकाराच्या ओझ्याखाली तो ‘हो’ म्हणेल, म्हणून विचारूही नये.

दुसरी चूक चौकशीची. “तिकडे तुमच्यावर काय प्रसंग आला?” हा प्रश्न आपण आपुलकीने विचारतो, पण त्याने तीच हकीकत अधिकाऱ्यांपुढे, मुलाखतीत, वकिलापुढे अनेकदा सांगितलेली असते, आणि प्रत्येक वेळी तो ती पुन्हा जगतो. सांगायचे असेल तर तो स्वतः सांगेल.

तिसरी चूक सहज लक्षात येत नाही. मुले भाषा लवकर शिकतात, म्हणून दवाखान्यात आईच्या दुखण्याचा दुभाषा म्हणून आठ-दहा वर्षांच्या मुलालाच पुढे करतात. मग आई मुलासमोर खरे दुखणे सांगत नाही, डॉक्टर चुकीचे औषध देतात, आणि मुलाच्या डोक्यावर मोठ्यांच्या चिंता बसतात. स्त्रियांच्या तक्रारी असतील तर एखादी बाई बरोबर गेली पाहिजे. जुन्या कपड्यांविषयी एवढेच म्हणते की, काय हवे ते आधी विचारावे. त्या घरी एका हिवाळ्यात चार दारांतून चादरी आल्या आणि कुकर एकाही दारातून आला नाही.

“यात आपण कायद्याच्या कचाट्यात सापडलो तर?”

ही भीती रास्त आहे, आणि तिच्यावर पांघरूण घालू नये. जाणूनबुजून लपवणे, खोटे भाडेकरार किंवा खोटे दाखले करून देणे, दुसऱ्याच्या नावावर सिमकार्ड घेऊन देणे हे गुन्हे आहेत आणि त्यात शेवटी तोंडघशी पडतो तो निर्वासितच. विदेशी माणसाला घरी ठेवले किंवा घर भाड्याने दिले तर २४ तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करावी लागते. बोलण्यात त्याला ‘फॉर्म सी’ म्हणतात. शिवाय पोलीस ठाण्यात भाडेकरूची नोंद असते ती वेगळी. नव्या कायद्यात शाळा-महाविद्यालये आणि रुग्णालये यांच्यावरही अशी नोंद कळवण्याची जबाबदारी आहे. अनेक ठिकाणी या नोंदींच्या धास्तीनेच प्रवेश किंवा घर नाकारले जाते. नोंद करा असे कायदा म्हणतो, दार बंद करा असे तो म्हणत नाही. घरमालकाला हा फॉर्म भरून द्यायला मदत करणे हे निर्वासिताला मदत करण्याइतकेच उपयोगाचे काम आहे, कारण नोंद झालेला भाडेकरू मालकालाही सुरक्षित असतो आणि व्हिसाची मुदत वाढवताना निर्वासिताच्या पत्त्यालाही आधार मिळतो.

हा माणूस खरेच निर्वासित आहे का, त्याच्यापासून धोका तर नाही ना, हे तपासणे पोलिसांचे, विदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाचे आणि उच्चायुक्तालयाचे काम आहे. शेजाऱ्याने तपास अधिकारी होऊ नये, आणि संशयास्पद काही दिसले तर जसे कोणाही शेजाऱ्याबाबत करतो तसे पोलिसांना कळवावे. निर्वासित म्हणजे गुन्हेगार हे जसे खरे नाही, तसे निर्वासित म्हणजे साधुसंत हेही खरे नाही. ती आपल्यासारखीच माणसे आहेत.

“आपल्याच लोकांचे भागत नाही, तिथे परक्यांचे काय?”

हा आक्षेप घेणारी माणसे कठोर असतात असे मला वाटत नाही. कोयनेच्या धरणग्रस्तांची तिसरी पिढी अजून कार्यालयांत खेटे घालते हे ज्याने पाहिले आहे, त्याच्या तोंडी हा प्रश्न येणारच. पैसा एकीकडे दिला तर दुसरीकडे कमी पडतो, हे मान्य आहे. पण सोबत, माहिती आणि ओळख वाटल्याने कमी होत नाहीत. त्या शाळेत मी १४ वे कलम शिकले, त्याचा उपयोग पुढच्या जूनमध्ये वीटभट्टीवरच्या एका मजुराच्या मुलासाठी झाला. तोही दाखल्याविना आला होता, आणि तो बीड जिल्ह्यातला होता.

परदेशातल्या मराठी वाचकांसाठी

काही देशांत सामान्य माणसाचा हा वाटा कायद्यातच लिहिलेला आहे. कॅनडात १९७९ पासून पाच नागरिक किंवा एखादी संस्था एकत्र येऊन निर्वासित कुटुंबाची जबाबदारी साधारण एक वर्षासाठी घेऊ शकते: घर, किराणा, शाळा, डॉक्टर, भाषा आणि पहिली नोकरी. व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियातून आलेल्यांपासून ही पद्धत रुजली आणि तिच्यातून आजवर तीन लाखांहून अधिक माणसे तिथे वसली. अर्ज साचल्यामुळे पाच जणांच्या गटांचे नवे अर्ज २०२४ च्या अखेरीस थांबवण्यात आले, म्हणून सध्याचे नियम पाहूनच पुढे जावे. ब्रिटनमध्ये २०२२ मध्ये युक्रेनच्या निर्वासितांना नागरिकांनी आपल्या घरातली खोली द्यावी अशी योजना सुरू झाली आणि सरकारने यजमानांना दरमहा मानधन दिले. नव्या देशात पहिल्या हिवाळ्यात कोणाचेच दार आपल्यासाठी उघडे नसते हे परदेशी गेलेल्या मराठी माणसाला सांगावे लागत नाही, आणि तिथल्या महाराष्ट्र मंडळांकडे जागा, वाहने आणि स्वयंपाकाला हात असतात.

“पण भाषाच येत नाही, बोलणार काय?”

अनेक अफगाणांना चित्रपटांमुळे हिंदी बऱ्यापैकी समजते, आणि मोबाइलवरचे भाषांतर दुधापासून विजेच्या बिलापर्यंत चालून जाते. शिवाय त्यांच्या दरी भाषेचे आणि मराठीचे जुने नाते आहे. दरी ही फारसीच, आणि फारसीचे शब्द शेकडो वर्षे मराठीत मुरलेले आहेत. बाजार, दुकान, दरवाजा, जमीन, शहर, हजार, कागद हे शब्द मुलीच्या आईला पहिल्याच दिवशी कळले होते, आणि त्या दिवशी आम्ही दोघी खोलीतल्या वस्तूंकडे बोट दाखवत कोणते शब्द जुळतात ते पाहत बसलो होतो.

फक्त एका शब्दाने घोटाळा केला. धाकट्याला ताप होता आणि मी फोनवर म्हटले, “आजच दवाखान्यात घेऊन जा.” संध्याकाळी पाहते तर तापाच्या औषधाची बाटली घरात होती आणि डॉक्टरांनी कोणी तपासलेच नव्हते. दरीत ‘दवाखाना’ म्हणजे औषधाचे दुकान. आजारी माणसाला न्यायचे ते ‘शफाखान्यात’. ती माझे शब्दशः ऐकून केमिस्टकडे जाऊन आली होती. रात्री साडेआठला आम्ही डॉक्टर गाठले. तेव्हापासून त्या घराशी बोलताना मी ‘डॉक्टरांचा दवाखाना’ आणि ‘औषधांचा दवाखाना’ असे पुरते बोलते, आणि त्यांच्या फ्रिजवर लावलेल्या कागदावर दोन्हींचे पत्ते तिच्या अक्षरात, उजवीकडून डावीकडे, लिहिलेले आहेत.